चालणं, वाहणं, थांबणं

ताई : भाऊ, कंबर एका दिवसात जात नाही. लोक सांगतात, "बादली उचलली आणि उसण भरली." बादली निमित्त असते. त्याआधी कित्येक महिने ती कंबर एकाच बाकात बसलेली असते. जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत दागिने घडवणारा कारागीर बघा. मांडी घालून, मान खाली घालून जो बसतो तो जेवायलाच उठतो. डाळ मिलमधला हिशेबनीस, चटईच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा असलेला पोरगा, धुळे आगारातून गाडी काढणारा एसटीचा चालक, यांची कामं वेगवेगळी, पण तासन्‌तास शरीर एकाच स्थितीत अडकलेलं. म्हणून माझं सांगणं साधं आहे. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोन आला तर चालत बोला, कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी काढून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी माप सांगितलं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं श्वास थोडा वाढेल असं चालणं-फिरणं आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. मेहरूण तलावावर पहाटे फिरायला येणारे यातला पहिला भाग मनापासून करतात. दुसरा बहुतेकांचा राहून जातो. आणि साठीनंतर जिना चढताना, ओट्यावरून उठताना जे बळ लागतं ते मांड्यांचं असतं. ते नुसत्या फेऱ्यांनी येत नाही, उठबस करावीच लागते.

भाऊ : मेहरूणवरच्या माणसाला हे सगळं लागू आहे, मान्य. आता जरा रावेर-यावलच्या केळीच्या बागेत चला. तिथे पहाटेपासून कटाई चालू असते. एक जण घड उतरवतो, दुसरा डोक्यावर चुंबळ ठेवून तो झेलतो आणि पाटाच्या ओल्या मातीतून, खोडं-पानं चुकवत, बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत नेतो. रिकामा परत येतो, पुन्हा उचलतो. घड २५ किलोचा धरा आणि एका माणसाच्या वाट्याला दिवसात १०० घड धरा. अडीच टन वजन एका मानेवरून गेलं. ह्या माणसाला तुम्ही सांगणार, की बाबा, हालचाल वाढव? तो तुमच्या १५० मिनिटांचा हिशेब सकाळच्या न्याहारीच्या आत पुरा करतो. तरी चाळिशीत त्याची मान आखडलेली असते आणि रात्री कुशीवर वळताना तो दात खातो. कापूस वेचणारी बाई तशीच. दिवसभर वाकून, कमरेला झोळी बांधून, आणि झोळी जसजशी भरते तसतसं ओझं नेमकं कमरेच्या पुढच्या बाजूला वाढत जातं. ती घरी येऊन पाणी भरते, भाकरी थापते. तिच्या अंगाला हालचाल कमी पडली म्हणून दुखतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमचा सगळा सल्ला खुर्चीवर बसणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेला आहे, आणि खान्देशातली निम्मी दुखणी खुर्चीवर कधी बसलीच नाहीत.

ताई : निम्मी की किती हे मी सांगू शकत नाही, पण तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो आता संशोधकही मांडतात. डेन्मार्कमध्ये आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं हेच तपासताहेत, की फावल्या वेळात केलेल्या हालचालीने तब्येत सुधारते, पण कामावरच्या कष्टाच्या हालचालीने तसा फायदा मिळत नाही, उलट कधी कधी तोटा होतो. कारणं समजण्यासारखी आहेत. फिरायला जाणारा दमला की थांबतो. मजूर थांबू शकत नाही. फिरणाऱ्याचे हात, पाय, पाठ आळीपाळीने काम करतात. मजुराचे तेच स्नायू तेच काम हजारदा करतात. आणि व्यायामानंतर स्नायू सावरायला जी रात्र लागते, ती मजुराला पुरेशी मिळत नाही.

आपल्या तालमींना हे शास्त्राचं नाव न घेता कळलेलं होतं. नवा पोरगा आखाड्यात आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी तगड्या गड्याच्या अंगावर सोडत नाही. आधी माती उकरायची, मग थोडे जोर, थोड्या बैठका, पुढे हळूहळू आकडा वाढवायचा. मालिश, खुराक, झोप हीसुद्धा मेहनतीचीच अंगं मानली जातात. शरीर वजनाने मोडत नाही, अचानक वाढलेल्या वजनाने मोडतं. म्हणून माझा सल्ला मजुरालाही आहे, फक्त तो "हाल" एवढाच नाही. चार महिने दुसरं काम करून कटाईला आलास तर पहिला आठवडा कमी फेऱ्या घे. वजन अंगाजवळ धर. एकाच खांद्यावर सगळा दिवस काढू नको. पाणी पीत राहा, कारण मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो आणि सुकलेलं, थकलेलं शरीर पाऊल चुकवतं.

भाऊ : "पहिला आठवडा कमी फेऱ्या घे." कुणी घ्यायच्या? मजुरी क्विंटलवर आहे. टोळीत सहा-सात जण असतात, पैसे सारखे वाटले जातात. एकाने कमी फेऱ्या मारल्या तर त्याचा वाटा दुसऱ्याने उचलायचा, आणि पुढच्या खेपेला मुकादम त्याला बोलावत नाही. बांधावर ट्रक उभा आहे, तो भरून रात्रीतून दिल्लीकडे निघायचा आहे. तालमीत वस्ताद आहे. बागेत वस्तादाच्या जागी ट्रकची वेळ आहे.

आणि वजन वाढलं ते कुणामुळे? पूर्वी आपल्याकडे बसराई होती, बुटकी केळ, घड हलका. मग उतीसंवर्धित रोपं आली, ग्रँड नैन आली, ठिबक आलं. घड पंचवीस-तीस किलोपर्यंत भरायला लागला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आखातात माल जायला लागला. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, मला त्याचा आनंदच आहे. पण जमिनीतून वर आलेलं ते जास्तीचं वजन शेवटी एका माणसाच्या मानेवर उतरलं, आणि त्या मानेचा विचार त्या सुधारणेत कुणी केला नाही. निर्यातीच्या घडाला ओरखडा पडू नये म्हणून फण्यांच्या मध्ये फोम घालतात. वाहणाऱ्याच्या डोक्यावर मात्र आजही धोतराच्या फडक्याची चुंबळच.

एक गोष्ट मला नेहमी खुपते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढलेला खांदा गरम पाण्याने शेकतो, हळद-तूप चोळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाही. खांद्याला काय सोसावं लागतं आणि त्याला काय द्यावं लागतं हे ह्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हे ज्ञान बैलापाशी येऊन थांबलं, गड्याच्या खांद्यापर्यंत पोचलं नाही.

(मध्येच लिहिणाऱ्याने बोलू नये, पण इथपर्यंत माझं मन भाऊंच्या बाजूला आहे. पुढे ताई जे म्हणतात त्याने ते पुन्हा डळमळलं.)

ताई : हे ऐकून मला गप्प बसावंसं वाटतं, पण बसणार नाही. कारण तुमच्या बोलण्याचा शेवट असा होतो, की दर बदलेपर्यंत, कायदा येईपर्यंत, मुकादम सुधरेपर्यंत मजुराने काहीच करायचं नाही. तोवर त्याची कंबर कुणी सांभाळायची? माझ्यासमोर बाई बसलेली असते. "ताई, मनी कंबर दुखस," एवढंच म्हणते, आणि पिशवीतून एमआरआयचा लिफाफा काढते. कुणीतरी तिला सांगितलेलं असतं, "मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." त्या दिवसापासून ती वाकायला घाबरते. स्नायू आणखी सैल पडतात, दुखणं आणखी वाढतं, आणि घरातले म्हणतात, हिची कंबर गेली. खरं तर पन्नाशीच्या, कुठेही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी दहातल्या आठ जणांत गादीची झीज दिसते. केस पिकावेत तशी ती वयाची खूण आहे. पायातली ताकद गेली, लघवीचा ताबा सुटला, ताप येऊन कंबर दुखायला लागली, उंचावरून पडल्यावर दुखायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. म्हणूनच तर पायाळू माणसाची लाथ लागून उसण गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. ती जाणारच होती. श्रेय लाथेला मिळालं. आज तेच श्रेय पट्ट्याला आणि इंजेक्शनला मिळतं.

पण उतरलेली उसण परत येते, आणि तिथे माणसाच्या हातात काहीतरी आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांतल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत नेलेलं चालणं दिलं, सोबत फिजिओथेरपिस्टचं थोडं मार्गदर्शन. त्यांना पुन्हा दुखायला लागेपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस गेले; बाकीच्यांना ११२. जवळजवळ दुप्पट. यंत्र नाही, औषध नाही. इतकी स्वस्त गोष्ट गरिबाला सांगायची नाही, तर कुणाला सांगायची?

भाऊ : सांगा, जरूर सांगा. पण त्या ७०१ लोकांत दिवसाला अडीच टन वाहणारे कितीसे असतील? आणि सांगण्याच्या मर्यादाही तुमच्याच शास्त्राने मोजल्यात ना? "कंबरेतून वाकू नका, गुडघे मोडून उचला," ही पाटी कारखान्याच्या गेटवर मी किती वर्षं बघतोय.

ताई : मोजल्यात. कोक्रेन ह्या आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असं निघालं, की उचलण्याची नुसती पद्धत शिकवून कामगारांची कंबरदुखी टळते असा पुरावा मिळत नाही. आणि २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात कमरेचे पट्टे आणि बुटातल्या गाद्याही प्रतिबंधाला निरुपयोगी ठरल्या. पण त्याच आढाव्यात व्यायाम आणि माहिती यांची जोड दिली तर वर्षभरात कंबरदुखीचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे पाटीचा उपयोग नाही, पाठ मजबूत करण्याचा आहे. आधी सांगून टाकते, आपल्या जुन्या सवयींबद्दलही मी डोळे मिटून बोलणार नाही. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं यांनी सांधे मोकळे राहतात असं मी म्हणत आले. पण बीजिंगमधल्या वयस्कर लोकांच्या पाहणीत दिसलं, की तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त होती. दिवसातून चार वेळा उकिडवं बसणं वेगळं आणि निंदणीच्या सरीत सहा तास तसंच सरकत राहणं वेगळं.

भाऊ : हे बोललात ते फार बरं झालं. कारण दुसऱ्या टोकाला एक गोड समजूत आहे, की आपल्या आज्या जातं ओढायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांना दुखणं माहीत नव्हतं. माहीत होतं हो! सांगायची सोय नव्हती. एरंडाचं पान गरम करून गुडघ्याला बांधायचं आणि पहाटे पुन्हा जात्यावर बसायचं. दवाखान्यात नोंद नाही, म्हणून दुखणं नव्हतं असं आपण धरून चालतो. आज वेचणीवाली बाईही बोलत नाही, दुकानातून गोळी आणते आणि कामाला जाते.

ताई : त्या गोळीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. दुखणं दाबणाऱ्या बहुतेक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तो ताण कितीतरी वाढतो. ४५ अंशांत, घामाने निथळत, अर्धपोटी घेतलेली गोळी कंबर वाचवत नाही. कंबर ओरडायची थांबते, म्हणून तीच कंबर आणखी ओझं उचलते, आणि बिल मूत्रपिंड भरतं. हे मी टोळीला सांगितलं तर ते सवयीबद्दलच झालं ना? आणि त्याने एखाद्याचा जीव वाचेल.

भाऊ : वाचेल. ह्या एका गोष्टीवर मी वाद घालणार नाही, तुम्ही म्हणाल त्या बागेत तुमच्यासोबत येऊन सांगेन. पण ऐका, मला कॅलिफोर्नियाची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे कोबीसारख्या पाल्याच्या आणि बिटाच्या शेतात मजुरांना फूट-दीड फूट दांड्याची कुदळी द्यायचे. दिवसभर कमरेत दुमडूनच काम करावं लागे. मळेवाले म्हणायचे, लांब दांड्याने काम नीट होत नाही, रोपं जातात. मुकादमाला ते सोयीचंही होतं, कारण जो उभा दिसला तो काम करत नाही हे लांबूनच कळायचं. मजुरांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या आणि १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते आखूड अवजार बंद झालं. पिकं बुडाली नाहीत. तिथे कुणी मजुरांना पाठीचे व्यायाम शिकवले नाहीत. दांडा लांब झाला. इथेही परभणीच्या कृषी विद्यापीठाने कापूस वेचायला खिशांचा कोट तयार केला, त्यात वजन कमरेऐवजी खांद्यांवर वाटलं जातं. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत घड तारेला टांगून ओढत नेतात, मानेवर येतच नाही. मग आपण माणसाचं शरीर ओझ्याजोगं घडवायचं, की ओझं शरीराजोगं करायचं? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि पहिल्याचं जास्त बोलणं झालं की दुसरं विसरलं जातं, ही माझी खरी तक्रार आहे.

ताई : तार आली तरी घड तारेला अडकवायला हात वर न्यायचेच आहेत, दिवसभर. मग मानेचं दुखणं खांद्यात येईल. अवजार बदललं की दुखण्याची जागा बदलते, हे मी चटईच्या कारखान्यात पाहिलंय. ओझं कमी झालं, यंत्राने काम सोपं केलं, आणि तीच माणसं दिवसभर एका जागी उभी राहून टाचा आणि पोटऱ्या दुखतात म्हणून यायला लागली. रावेरच्या त्या मजुराचा मुलगा उद्या कॉलेज करून पुण्यात संगणकासमोर बसेल. बापाची मान ओझ्याने गेली, मुलाची न हलल्याने जाईल. शरीराला काय लागतं हे त्या दोघांनाही कळायलाच हवं, आणि दोघांना लागतं ते एकच आहे : ताण, मग विसावा, मग वेगळा ताण. मुलाकडे ताण नाही, बापाकडे विसावा नाही.

भाऊ : इथे मात्र तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मुलाला ताण फुकट मिळवता येतो, जिना चढला की झालं. बापाला विसावा फुकट मिळत नाही. दर तासाला दहा मिनिटं टोळी बसली तर ट्रक भरायला तास-दीड तास जास्त लागेल. त्याचे पैसे कुणाच्या खात्यात धरायचे? व्यापारी म्हणेल शेतकऱ्याच्या, शेतकरी म्हणेल भाव आधीच पडलेत, मुकादम म्हणेल टोळीच्या. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं, की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. पण केळीची बाग म्हणजे कारखाना नव्हे. माथाडी कायदा १९६९ चा. बाजार समितीतल्या हमालाला तो निदान ऐकून माहीत असतो. बांधावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग होतो, हे मला कुणी दाखवलेलं नाही.

ताई : मग आपण दहा मिनिटांपासून सुरुवात करू या. मी एका टोळीला पंधरवडाभर तासातासाने बसवते. माझा अंदाज असा, की विसावा घेतलेल्या टोळीच्या शेवटच्या दोन तासांतल्या फेऱ्या मंदावणार नाहीत, घड हातून कमी निसटतील, माल कमी खराब होईल आणि ट्रकला वाटतो तितका उशीर होणार नाही. तसं झालं तर विसाव्याचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्नच उरणार नाही.

भाऊ : आणि झाला उशीर तर? शरीराला विसावा लागतोच, पण व्यापाऱ्याला तो परवडत नाही असं निघालं तर तुम्ही टोळीला काय सांगणार, उठा म्हणून? मला तुमचा प्रयोग हवा आहे. पण विसाव्याचा हक्क ट्रकच्या वेळेवर सिद्ध करायला लागावा, हेच मला पटत नाही. आधी दरात तो धरा, मग मोजा.

ताई : दरात धरायला कुणी तयार व्हायचं तर आधी मोजून दाखवावं लागेल, भाऊ. मोजल्याशिवाय तुमच्या-माझ्याशी बोलायला बसणार कोण?

भाऊ : मोजायला टोळी लागेल, आणि त्या पंधरवड्यात तिची मजुरी बुडाली तर ती कोण भरणार, हे ठरवूनच बागेत पाऊल टाकायचं. ते ठरलं तर रावेरला मी येतो. मुकादमाशी बोलणं माझ्याकडे, टोळीशी तुमच्याकडे.